तबल्याचा हात घेऊन जेंबे वाजवला तर तो जेंबे राहतो का?

लयवेडा:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चूकभूल सांभाळून घ्या.

मी १४ वर्षं तबला शिकतोय, विशारद झालंय, भजनाला, नाट्यगीताला साथ करतो, नोकरी वेगळीच आहे. दोन वर्षांपूर्वी एका मित्राने त्रिलोक गुर्टूंचा 'उसफ्रेत' हा १९८८चा अल्बम ऐकवला आणि मी अक्षरशः हादरलो. आई शोभा गुर्टू गातायत आणि मुलगा तबला, ड्रम्स, झांजा, तोंडाने बोल असं सगळं एकट्याच्या अंगावर घेऊन वाजवतोय. मुंबईत वाढलेला माणूस, घरात ठुमरी-दादरा, आणि हे कुठून आलं? तेव्हापासून झोप उडाली ती उडालीच. आधी जेंबे (पश्चिम आफ्रिकेतला हाताने वाजवायचा ढोल) घेतला, मग काहोन (वर बसून वाजवायचं लाकडी खोकं), मग कंजिरा (दक्षिणेतला छोटा डफ). आता हॉलमध्ये पाहुणा आला तर त्याला काहोनवरच बसवतो.

प्रश्न दोन आहेत. पहिला साधा. आमच्या गुरुजींना कळल्यावर ते एवढंच म्हणाले, "हात खराब होईल." खरंच होतो का? दुसरा जास्त सतावतोय. मी जेंबेवर तबल्याचेच बोल आणि रचना, म्हणजे तिरकिट, धिरधिर, कायदे, तिहाया वाजवतो, गणपतीच्या कार्यक्रमात टाळ्याही पडल्या. तिथे एक बाई भेटल्या, त्या बरीच वर्षं गिनीतला जेंबे शिकतायत. त्या शांतपणे म्हणाल्या, "छान वाजवलंत, पण हा जेंबे नव्हे." राग नाही आला, पण ते वाक्य डोक्यातून जातच नाहीये. तुमचं काय मत?

ढोलकीराजा:
हात-बित काही खराब होत नाही ओ. मी ढोलकी, ढोलक, तबला, हलगी सगळं वाजवतो, लग्नाच्या सीझनमध्ये एका दिवसात तीन वाद्यं होतात. हात तोच आहे, पोट त्याच्यावर चाललंय. बिनधास्त वाजवा.

पखवाजी:
@लयवेडा, तुमचे गुरुजी अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत. तबल्यात बोटाचं काम जास्त, तर्जनी चाटेवर पडते, वजन मनगटातून येतं आणि लगेच हलकं होतं. जेंबेला अख्खा तळवा आणि खांद्यापासूनचं वजन लागतं. सकाळी दोन तास जेंबे बडवून संध्याकाळी विलंबित एकतालाची साथ करायला बसलात तर 'ना' जाड वाजेल, हे मी स्वतः भोगलंय. पण ते तेवढ्यापुरतं असतं, कायमचं नाही. मी क्रम बदलला, आधी बारीक काम, मग थापेचं.

आणखी एक, आम्हा पखवाजवाल्यांना जेंबे तबलजींपेक्षा लवकर वश होतो असं माझं ठाम मत आहे. आमची थाप उघडी. मी वारकरी कीर्तनात वाढलो, डाव्या बाजूला कणीक लावून घुमारे काढायचे, त्यामुळे मोकळ्या आवाजाची भीती नसते. तबलजी जेंबेवर बसला की पहिले सहा महिने तो बोटांनी कुरतडत असतो, राग मानू नका.

लयवेडा:
@पखवाजी, राग कसला, 'कुरतडतो' हाच शब्द हवा होता मला. रेकॉर्डिंग ऐकलं की तसंच वाटतं.

गोदातीर:
मी थोडं विरोधी बोलणार आहे. आपल्याकडे जुनी म्हण आहे, एक ना धड भाराभर चिंध्या. एकेका घराण्याचा बाज समजायला जन्म जातो. माझे काका ८० वर्षांचे होईपर्यंत पेशकारच (तबल्याच्या एकल वादनातली सुरुवातीची रचना) घोटत होते आणि मरेपर्यंत म्हणत राहिले की अजून उलगडतोय. आणि आजची मुलं दोन वर्षांत जेंबे, काहोन, दर्बुका, हँडपॅन सगळं 'वाजवतात'. स्टेजवर चारी बाजूंनी वाद्यं मांडायची, प्रत्येकावर चार आवर्तनं, की झालं फ्यूजन. गुर्टूंना नाव ठेवत नाही, त्यांचा तबल्याचा पाया पक्का आहे. पण पाया नसताना नक्कल करणाऱ्यांची संख्या बघा.

मंजू_हॅम्बुर्ग:
गोदातीर, तुमचा मुद्दा कळतो, पण गुर्टूंच्या बाबतीत 'चारी बाजूंनी वाद्यं मांडली' एवढंच नाहीये. ते बरीच वर्षं इथे हॅम्बुर्गला राहतात आणि मी त्यांना प्रत्यक्ष ऐकलंय. पुढच्या रांगेत होते म्हणून सांगते. माणूस ड्रमसेटच्या नेहमीच्या स्टुलावर बसतच नाही. जवळजवळ जमिनीवर, गुडघ्यांवर, तबल्याला बसल्यासारखा, आणि सगळा ड्रमसेट त्या उंचीला खाली आणलेला. म्हणजे त्यांनी आपली बैठक सोडली नाही, वाद्यांनाच खाली बसवलं! शेजारी पाण्याची बादली. वाजणारी झांज त्या पाण्यात हळूच बुडवली की सूर वाकत वाकत खाली जातो, वर काढली की परत चढतो. मींडच म्हणा ना. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती आणि मला उगाचच आजीच्या घरचं पाण्याचं घंगाळ आठवलं.

एका मुलाखतीत त्यांनी सांगितलेलं की सुरुवातीला पाश्चात्त्य रेकॉर्ड ऐकताना त्यांना ओव्हरडबिंग हा प्रकारच माहीत नव्हता. म्हणजे एकाच माणसाने आधी एक भाग वाजवायचा, मग त्यावर दुसरा रेकॉर्ड करायचा. त्यांना वाटलं सगळं एकदमच वाजतंय. मग ते सगळं एकदम वाजवायला शिकले! गैरसमजातून इतकं काही उभं राहिलं, हे मला फार आवडतं.

चहाबाज:
मंजूताई, "वाद्यांनाच खाली बसवलं" साठी एक कटिंग माझ्याकडून.

जुनी_कॅसेट:
धागा बघून राहवलं नाही. ८०-९० च्या दशकात मी फोर्टातल्या फुटपाथवर जुन्या कॅसेट हुडकत फिरायचो, त्यामुळे थोडं लिहितो.

गुर्टूंच्या गोष्टीत एक वळण आहे ते कुणी सांगत नाही. 'ओरेगॉन' नावाचा अमेरिकन ग्रूप होता, त्यात कॉलिन वॉलकॉट सतार आणि तबला वाजवायचा. हा वॉलकॉट रविशंकर आणि अल्लारखाँसाहेबांकडे शिकलेला. डॉन चेरी आणि ब्राझीलचा नाना वास्कोंसेलोस यांच्याबरोबर त्याचं 'कोडोना' नावाचं त्रिकूटही होतं. १९८४मध्ये पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना गाडीच्या अपघातात वॉलकॉट गेला. आणि ओरेगॉनमध्ये त्याच्या जागी पुढे आले ते त्रिलोक गुर्टू. अमेरिकन माणूस आपला तबला शिकला, आणि तो गेल्यावर त्याची जागा भरायला मुंबईचा माणूस अमेरिकन ग्रूपमध्ये गेला. मग गिटारवादक जॉन मॅकलॉफलिनचं त्रिकूट, १९८९ची लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली मैफल. ती ऐका, मॅकलॉफलिन बरोबर तोंडाने बोल म्हणण्याची जी देवाणघेवाण आहे ती ऐका.

नाना वास्कोंसेलोस वेगळा ऐकाच. रेसिफेचा माणूस, बेरिंबाव वाजवायचा. एक लवचिक काठी, एक तार, खाली पोकळ भोपळा, बस. आपल्या एकतारीशी नातं सांगणारं वाद्य, पण हे काठीने आघात करून वाजवतात. एका तारेवर त्याने अख्खं आयुष्य काढलं, २०१६मध्ये गेला. गोदातीर, तुमच्या काकांसारखाच झाला की तो. पण तोच माणूस जगातल्या कुणाहीबरोबर वाजवायचा.

गोदातीर:
@जुनी_कॅसेट, हे माहीत नव्हतं. नाना वास्कोंसेलोस ऐकतो. पण बघा, तो एका वाद्यात खोल गेला आणि मग बाहेर पडला, म्हणजे माझाच मुद्दा!

कोरा_कागद:
मूळ प्रश्नाकडे येऊ का? मी लंडनला असताना चार वर्षं गिनीच्या एका शिक्षकांकडे जेंबे शिकले. (ती गणपतीतली बाई मी नव्हे, पण तिचं म्हणणं मला तंतोतंत कळतं.)

पहिल्या दिवशी मी ऐटीत जेंबे घेऊन बसले तर त्यांनी तो काढून घेतला आणि हातात एक काठी दिली. समोर दुंदुन. बैलाच्या कातड्याचा, दोन तोंडांचा, काठीने वाजवायचा ढोल. असे तीन असतात: सगळ्यात मोठा दुंदुंबा, मधला सांगबान, लहान केनकेनी. प्रत्येकाला लोखंडी घंटा बांधलेली, एका हाताने ढोल आणि दुसऱ्या हाताने घंटा. त्या तालाची खरी चाल ह्या तिघांत असते. सांगबानवरून जाणकार ओळखतात की कुठला ताल चाललाय. जेंबे त्याच्यावर बोलतो. नाचणाऱ्याला उचलतो, खुणावतो, थांबवतो. दुंदुन नसलेला एकटा जेंबे म्हणजे आपल्याकडे लेहरा (तबल्यामागे फिरत राहणारी धून) नाही, गायक नाही, तानपुरा नाही आणि नुसता तबला. तोही सुंदर असतोच, पण मैफल ती नव्हे.

मी सहा महिने केनकेनीच वाजवली. बोल म्हणजे जवळजवळ एकच आघात, परत परत. तबल्याच्या सवयीने मी त्यात काहीतरी भरायला जायचे, शिक्षक नुसतं बघायचे आणि मी गप्प व्हायचे.

दुसरं म्हणजे त्यांची लय. आपण मात्रेचे तीन भाग केले की ते सारखे असतात, निदान तसा आपला आग्रह असतो. माली-गिनीकडच्या कित्येक तालांत ते मुद्दामच सारखे नसतात, एक आखूड, एक लांब, आणि तो असमानपणा प्रत्येक तालात ठरलेला असतो. बिनचूक समान वाजवलं की त्यांना ते चुकीचं वाटतं. आपण ज्याला सफाई म्हणतो तीच आड येते. लयवेडा, तुमच्या तिरकिटमध्ये त्या बाईंना बहुतेक तेच खटकलं असणार. हात उत्तम, पण चाल आपली.

लयवेडा:
कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. मला दुंदुनबद्दल शून्य माहिती होती. म्हणजे दोन वर्षं मी ज्याला जेंबे शिकणं म्हणत होतो ते... जाऊ दे, थोडा विचार करून लिहितो.

ढोलकीराजा:
अहो असं निराश नका होऊ. मग तालवादक तौफिक कुरेशींचं काय? त्यांनी जेंबेवर आपलेच बोल आणले ना? लोक तिकीट काढून ऐकतात.

पखवाजी:
@ढोलकीराजा, तौफिकजींनी जेंबेसाठी आपल्या बोलांची एक पूर्ण भाषाच तयार केली, तबल्याचे पखवाजाचे बोल त्या तीन आवाजांत कसे बसवायचे याचा वर्षानुवर्षं विचार केलाय. बास, टोन, स्लॅप. आणि ते भारतीय लयशास्त्र जेंबेवर वाजवतो असं सरळ सांगतात, गिनीचा जेंबे वाजवतो म्हणत नाहीत. अडचण येते ती नाव देताना. लयवेडांनी गणपतीत काय सांगून वाजवलं होतं?

लयवेडा:
निवेदकाने सांगितलं होतं, "आता ऐकू या आफ्रिकन जेंबे." मी काही बोललो नाही.

पखवाजी:
हं.

घुमटकार:
गोंयचो हांव, मराठीत लिहितो. 😊 सगळे लांब लांब फिरून येतायत म्हणून घरातली गोष्ट सांगतो. आमचं घुमट बघा. मातीचा घडा, एका तोंडावर कातडं, दुसरं तोंड उघडं. एका हाताने कातड्यावर वाजवायचं आणि दुसरा तळवा मागच्या तोंडावर उघडझाप करत राहतो, त्याने आवाज वाकतो, घुमतो. चवथीला आरतीत घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचा ढोल) आणि कासाळें (झांजा) नसतील तर आरती झाली असं वाटतच नाही. नायजेरियात इग्बो बायका 'उडू' नावाचा मातीचा घडा वाजवतात, त्याला बाजूला भोक असतं, तिथेही हवेचा असाच खेळ. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी आमच्या वाड्यावरचंच कोणी समजलो होतो.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं असायचं. वन्यजीव कायद्याने ते बंद, आता बकऱ्याचं लावतात. २०१९मध्ये गोवा सरकारने घुमट हे वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. जुने लोक म्हणतात तो नाद राहिला नाही, पण घोरपड वाचली पाहिजे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. @लयवेडा, तुमच्या कंजिऱ्याचं कातडं कसलं आहे ते बघून घ्या, तिथेही परंपरेने घोरपडच असते.

लयवेडा:
माझा सिंथेटिक आहे, दुकानदाराने स्पष्ट सांगून दिला.

साधना_फिजिओ:
हाताच्या प्रश्नाला कोणी डॉक्टरी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितेय. १) अंगठी काढून वाजवा, नेहमी. २) तळव्याच्या बुडाचं हाड काठाच्या कडेवर आपटत असेल तर बैठक चुकतेय, जेंबे पुढे कलता ठेवा. ३) दुखलं की थांबा, "रियाज म्हणजे सोसायचं" हे इथे लागू नाही. ४) सलग खूप वेळ जोरात हाताने ढोल बडवल्यावर लघवी लालसर झाल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात आहेत, आघाताने तांबड्या पेशी फुटतात. तसं काही दिसलं तर घाबरू नका पण डॉक्टरकडे जा, अंगावर काढू नका.

चहाबाज:
लाल लघवीचं वाचून माझ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हा धागा पाठवतोय, वरच्या मजल्यावरचा जेंबे बंद होईल अशी आशा आहे.

सह्याद्री_७२:
थोडं अवांतर. आफ्रिका म्हटलं की सगळे विमानाने जातात, पण ती इथेच आहे की. गुजरातेत सिद्दी लोक धमाल (त्यांचं नाच-गाणं) करतात त्यात 'मुगरमान' नावाचा मोठा उभा ढोल हाताने वाजवतात, त्यांच्याकडे मलुंगा म्हणून धनुष्यासारखं तारवाद्य आहे, भोपळा लावलेलं. वर कुणीतरी बेरिंबावचं वर्णन केलंय ना, डिट्टो. एक फांदी समुद्र ओलांडून ब्राझीलला गेली, दुसरी आपल्या किनाऱ्याला लागली. आणि आपण मुरुडला जंजिरा बघायला जातो, सिद्दींच्या तोफा बघतो, फोटो काढतो आणि परत येतो. त्या लोकांनी संगीत काय आणलं हे मला कुणी शाळेत सांगितलं नाही, मीही चाळिशीत कळल्यावर चकित झालो.

जुनी_कॅसेट:
@सह्याद्री_७२, हे अवांतर नाही, हेच मुख्य आहे! काहोनचंही तसंच. पेरूमधल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांचं वाद्य, लाकडी खोक्यातून आलेलं. स्पेनचा फ्लॅमेन्को गिटारवादक पाको दे लुसिया ७०च्या दशकाच्या शेवटी तिथे गेला, त्याला ते आवडलं, स्पेनला घेऊन आला आणि आज लोकांना वाटतं फ्लॅमेन्को म्हणजे काहोन पहिल्यापासूनच. ज्या हँडपॅनवर (हाताने वाजवायचं धातूचं वाद्य) आज प्रत्येक रिसॉर्टमध्ये कुणीतरी बसलेलं असतं, त्याचं मूळ 'हांग' हे वाद्य २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बर्नला बनलं, आणि त्यामागे त्रिनिदादचा स्टीलपॅन आहे तसाच आपला घटमसुद्धा (दक्षिणेतला मातीचा घडा) आहे. तिथल्या एका वादकाला घटमसारखं हाताने वाजवता येईल असं, पण सूर असलेलं काहीतरी हवं होतं.

'वर्ल्ड म्युझिक' हे नाव तर १९८७मध्ये लंडनच्या एका पबमध्ये काही रेकॉर्ड कंपन्यांच्या लोकांनी बसून ठरवलं, दुकानात हा माल कुठल्या कप्प्यात ठेवायचा म्हणून. ग्रॅमीवाल्यांनी २०२०मध्ये ते बदलून 'ग्लोबल' केलं. पण ग्रॅमीच्या त्या जुन्या कप्प्याचा सगळ्यात पहिला मानकरी कोण, तर अमेरिकन ड्रमर मिकी हार्टचा 'प्लॅनेट ड्रम' हा अल्बम, आणि त्यात झाकीरभाई, विक्कू विनायकराम, नायजेरियाचे ओलाटुंजी, ब्राझीलचा आयर्तो, पोर्तो रिकोचा जोव्हानी इदाल्गो. त्यात गंमत अशी की फारसं कुणी दुसऱ्याचं वाद्य वाजवायला जात नाही. आपलं वाजवत दुसऱ्याचं ऐकतात. झाकीरभाई १५ डिसेंबर २०२४ला गेले त्या रात्री मी ती कॅसेट काढून ऐकली. अजून वाजते.

मंजू_हॅम्बुर्ग:
🙏 त्या रात्री इथेही आम्ही चार मराठी घरं एकत्र जमलो होतो. कुणी फार बोललं नाही.

गोदातीर:
जुनी_कॅसेट यांचं "आपलं वाजवत दुसऱ्याचं ऐकतात" हे मला मान्य. मी चिंध्या म्हणालो ते थोडं घाईत म्हणालो. ऐकणारा माणूस चिंध्या गोळा करत नसतो. पण ऐकायला वेळ किती लोक देतात हा माझा प्रश्न तसाच आहे.

कोरा_कागद:
गोदातीर, त्यावर वाद नाही. माझ्या शिक्षकांकडे एक जपानी मुलगा यायचा, आठ वर्षं झाली होती, अजून सोलो वाजवायला बसायचा नाही. म्हणायचा, अजून तिन्ही दुंदुन डोक्यात एकदम ऐकू येत नाहीत.

लयवेडा:
मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतोय, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

कोरा_कागद यांचं वाचून त्या बाईंचा नंबर मिळवला आणि फोन केला. त्या दर रविवारी सकाळी एका शाळेच्या मैदानावर सहा-सात जणांना शिकवतात. गेलो. सोबत माझा जेंबे नेला होता, तो कोपऱ्यातच राहिला. हातात काठी आणि घंटा आली. केनकेनी. दोन तास एकच बोल, डाव्या हाताची घंटा आणि उजव्या हाताचा आघात जुळता जुळत नव्हते. १४ वर्षं हात तयार केलाय आणि तिथे एक १२ वर्षांची मुलगी मला घंटेची जागा दाखवत होती. मध्ये एक क्षण आला, बहुतेक तासाभराने, की सांगबान आणि माझी केनकेनी मिळून काहीतरी तिसरंच वाजतंय असं ऐकू आलं, मी वाजवत नसलेलं. लगेच मी दचकलो आणि चुकलो. पण ते ऐकू आलं होतं.

गुरुजींनाही सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "त्या घंटेचा बोल म्हणून दाखव." म्हणून दाखवला. त्यांनी मांडीवर वाजवून बघितला, दोनदा, आणि दुसऱ्यांदा त्यांचंही जरा गडबडलं. मग म्हणाले, "रविवारी जात जा. पण शनिवारचा रियाज चुकवायचा नाही."

पुढच्या गणपतीत तिरकिटवालं वाजवीनच, मला ते मनापासून आवडतं, पण निवेदकाला आधीच लिहून देणार: 'जेंबेवर तबल्याचे कायदे'.

आता एक कामाचा प्रश्न. जेंबेचं कातडं पहिल्याच पावसात सैल पडलंय. पुण्यात दोऱ्या ओढून देणारं कोणी आहे का?

पखवाजी:
दोऱ्या स्वतः ओढायला शिका, अवघड नाही. तोपर्यंत घेऊन या माझ्याकडे, आमचा पखवाज मढवणारा दर महिन्याला येतो, त्याला दाखवू. येताना ती केनकेनीही आणा मिळाली तर, मला बघायचीय.